बापूरावांचा हरभरा आणि हिमालयापलीकडची पाखरं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की, मास्तर, तुमच्या फोटोच्या धंद्यावर लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका. बरं झालं सांगितलं. जन्मापासून सुरू केलं असतं तर अंक संपला असता आणि मी अजून जिंतूरच्या शाळेत नापासच होत राहिलो असतो. म्हणून सरळ पाखरांवर येतो. तसाही लोकांना माझा एकच फोटो माहीत आहे, आणि तो पाखरांचा आहे. त्यात एक माणूसही आहे, पण त्याच्याकडं सावकाश येऊ.

माझा स्टुडिओ बसस्टँडसमोर, चहाच्या हॉटेलाच्या माडीवर. पोट भरायचं ते परीक्षेच्या फॉर्मवरच्या फोटोंवर, लग्नांवर आणि मुलगी दाखवायच्या फोटोंवर. गिऱ्हाइकं एकेक अशी यायची की विचारू नका. बोरीचा एक शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल घेऊन दारात उभा. म्हणाला, ह्याचा फोटो काढा, पण डोळे मिटलेले नकोत. बैल काही जिना चढेना, म्हणून मीच कॅमेरा खाली नेला. रस्त्यावर ही गर्दी जमली. बैलानं एकदाही डोळे मिटले नाहीत, मालकानंच मिटले. दुसऱ्या दिवशी परत काढला, तर मालकानं डोळे इतके ताणले की बैल त्याच्यापुढं शांत संत वाटायला लागला. तो फोटो त्यानं देवघरात लावला म्हणे.

स्टुडिओत मागं पडदा होता. निळं तळं, पायऱ्या, कमळं आणि पाण्यात दोन पांढरे हंस. परभणीच्या एका पेंटरकडून रंगवून घेतलेला. त्या गड्यानं जन्मात हंस पाहिला नव्हता, त्यामुळं मान बगळ्याची आणि पोट कोंबड्याचं असं काहीतरी झालं होतं. पण जिंतूर तालुक्यातल्या निम्म्या जोडप्यांचा संसार त्या हंसांच्या साक्षीनं सुरू झालाय. तक्रार कुणी केली नाही.

दुसरं माझं नावाजलेलं काम म्हणजे जोडफोटो. नवराबायकोचा एकत्र फोटो नसायचा आणि दोघांतलं एक माणूस निघून जायचं. मग घरचे कुठल्यातरी लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे. त्यातलं डोकं मी नाजूक कात्रीनं कापायचो, जिवंत माणसाच्या फोटोशेजारी चिकटवायचो, कडा पेन्सिलीनं बुजवायचो आणि सगळ्याचा परत एक फोटो काढायचो. सांधा दिसता कामा नये, हीच त्यातली कारागिरी. येलदरीच्या बाजूचे एक बागाईतदार होते, बापूराव. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून हायत. त्यांचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, तोही पंगतीत बुंदी वाढताना. मी त्या वडिलांच्या हातातली परात काढली, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बापूरावांना उभं केलं. बापूराव फोटो बघून ढसाढसा रडले. म्हणाले, जित्तेपणी म्हातारा कधी माझ्याजवळ असा बसला न्हाई. गावोगावचे लोक तो फोटो बघायला त्यांच्या बैठकीत जायचे. मला लय अभिमान वाटायचा. हाच अभिमान पुढं माझ्या गळ्यात आला.

आता पाखरं. येलदरीच्या वीजघरातले एक साहेब बदलून चालले होते, त्यांच्या निरोपाचा ग्रुप फोटो काढायला मला बोलावलं होतं. (वीज तिथं तयार होते हे आम्ही शाळेत शिकलो, पण तिथून माझ्या डार्करूमपर्यंतची वाट तिला क्वचितच सापडायची.) थंडीचे दिवस. सगळे धरणाच्या भिंतीवर ओळीनं उभे. मी म्हणालो, इकडं बघा, हसा. आणि तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. गावातल्या सगळ्या गाड्यांचे भोंपू एकदम, पण लांबून वाजावेत तसा. सगळ्यांनी माना वर केल्या आणि माझ्या बोटानं बटण दाबलं. फोटोत वीजघरातल्या साऱ्या कर्मचाऱ्यांच्या नुसत्या हनुवट्या आल्या. साहेब भडकले. पण माझंही लक्ष साहेबांत उरलं नव्हतं. वर आभाळात पाखरांची बाणासारखी रांग चालली होती, आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

ते पट्टकादंब. हंसाच्याच जातीतले. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागं दोन काळे आडवे पट्टे. थंडी पडली की हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. ही माहिती मला पुढं एका कॉलेजच्या सरांनी दिली. आमच्याकडं सगळे त्यांना सरसकट बदकं म्हणायचे. येलदरीचं धरण होण्याआधी एवढं पाणीच नव्हतं, त्यामुळं कुणाच्या आज्यापणज्यानं ह्या पाखराबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं. पाण्यात राहतं म्हणजे मासे खात असणार, एवढीच सगळ्यांची समजूत. माझीही तीच.

त्या दिवसापासून मला नाद लागला. उडत्या पाखराचा फोटो म्हणजे काय भानगड आहे ते सांगतो. पाखराकडं कॅमेरा रोखून बटण दाबलं तर फोटोत निव्वळ आभाळ येतं, कारण तुमचं बोट हलेपर्यंत पाखरू पुढच्या गावाला गेलेलं असतं. म्हणून पाय रोवायचे आणि पाखराबरोबर कमरेतून वळत राहायचं. वळतावळताच बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळायचं थांबायचं नाही. गोफणीतून धोंडा सुटला तरी हात पुढं जातोच की नाही, तसं. हे जमायला मला दोन हिवाळे गेले. त्यात माझी लांब लेन्स औरंगाबादेतून जुनी घेतलेली, वजनाला पाट्यावरच्या वरवंट्याएवढी. फिल्म मंद. उजेड नसला की पाखरांच्या जागी धुराचे पट्टे उमटायचे. आणि काय उमटलंय ते कळायचं घरी जाऊन फिल्म धुतल्यावर. आता पोरं मोबाइलवर काढतात, लगेच बघतात, आवडलं नाही की पुसून टाकतात. आम्ही आठवडाभर आशेवर जगायचो. त्यातली मजा मी त्यांना सांगायला जातो तेव्हा ती मोबाइलमध्ये बघत असतात.

आमच्या मंडळींचं म्हणणं होतं की, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा धड एक फोटो काढला नाही आणि त्या बदकांचे कपाटभर झाले. मी म्हणालो, तू उडून दाखव, काढतो. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

ही सगळी नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटलेला, मग विझलेला, मग परत धुमसायला लागलेला. मी दोन्ही बाजूंच्या मोर्च्यांचे फोटो काढले आणि दोन्ही बाजूंचे लोक दुसऱ्या दिवशी स्टुडिओत स्वतःचा चेहरा शोधायला यायचे. तेवढ्यापुरती एकी असायची. पण खेड्यात प्रकार निराळा. तिथं एखादी शेळी दुसऱ्याच्या बांधावर गेली तरी ती कुणाची आहे हे आधी बघायचे आणि मग किती चरली ते. अठ्ठ्याहत्तर साली वस्त्या कशा जळल्या ते सगळ्यांच्या ध्यानात होतं, त्यामुळं बौद्ध वस्तीतली माणसं भांडण ऐकू आलं की आधी लेकरं घरात घ्यायची.

अशाच एका हिवाळ्यात कौसाबाई माझ्या स्टुडिओत आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, चार म्हशी पाळून घर चालवणाऱ्या. बापूरावांच्याच गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. नातीचा शाळेसाठी फोटो काढायचा होता. नातीला मी स्टुलावर बसवलं, पण आजीचं लक्ष भलतीकडंच. काचेच्या कपाटात मी कादंबांचा एक मोठा फोटो लावला होता, त्याच्यासमोर त्या उभ्या होत्या.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यापायी माझ्या म्हशी चोर ठरायल्यात."

मग सगळं समजलं. हिवाळ्यात धरणाचं पाणी जसं उतरतं तशी कडेची गाळाची काळी जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ओल इतकी की वरून पाणी न देता हरभरा डोलतो. बापूरावांची बरीचशी जमीन धरणात बुडाली होती, म्हणून त्यांना गाळपेराचा तुकडा कसायला मिळाला होता. त्यांचा त्या तुकड्यावर जीव. वस्तीवरून पाण्याकडं जाणारी पायवाट ह्याच रानाच्या कडेनं जायची. त्या साली हरभरा रोज थोडा थोडा खाल्लेला दिसायला लागला. बापूराव दिवस वर आल्यावर रानात यायचे, तेव्हा शेंडे गायब आणि वाटेवर कौसाबाईच्या म्हशी पाणी पिऊन परत चाललेल्या. वाटेवर खुरांचे ठसे. आणखी काय पुरावा पाहिजे माणसाला? कौसाबाई सांगायच्या की, पाखरं रात्री रानात उतरतात आणि आमची चाहूल लागली की उडून जातात. बापूराव म्हणायचे, पाण्यातलं पाखरू मासे खाईल, हरभरा कशाला खाईल? गावानं मान डोलावली. मीसुद्धा डोलावली असती.

बापूरावांनी सांगून टाकलं होतं की, संक्रांतीनंतर वाटेवर बाभळीच्या काट्या पडतील. म्हणजे एकट्या कौसाबाईची नाही, सगळ्या वस्तीची वाट बंद. वस्तीतला आड हिवाळ्यातच तळाला जायचा. जनावरांना पाण्याला दुसरी जागा नव्हती. विकावी लागली असती, आणि दूध बंद म्हणजे चूल बंद. मी विचारलं की पोलिसात का जात नाही. त्यांनी माझ्याकडं दमलेल्या नजरेनं बघितलं. म्हणाल्या, पोलिस येतील, पारावर च्या पितील, जातील, आमाला मातर तिथंच राहायचंय.

मी तो कपाटातला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. म्हणालो, मावशी, हा दाखवा बापूरावांना. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं.

आठवड्याच्या बाजाराला त्या फोटो घेऊन परत आल्या. बापूरावांनी तो नीट, उलटासुलटा करून बघितला होता आणि विचारलं होतं की, ह्यात पाखरं उडायलीत, खायलीत कुठं? आणि हे आभाळ माझ्याच रानावरचं कशावरून? आभाळाला सातबारा नसतो.

कौसाबाई म्हणाल्या, "मास्तर, फोटोत रान पाह्यजे. त्याचंच रान, आन् त्याच्यात पाखरं."

मी गेलो. दोन पहाटा रानाच्या कडेला तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगामागं पालथा पडलो. कौसाबाईचं बोलणं खरं होतं. अंधारात काही दिसायचं नाही, पण चरण्याचा आवाज स्पष्ट. उजेड होईतो पाखरं थांबायची आणि म्हशी वाटेला लागल्या की उठायची. जमिनीवर ती असेपर्यंत माझ्या फिल्मला पुरेल एवढा उजेड नसायचा. म्हणजे चरताना फोटो मिळणं शक्य नाही. ती उठतात तेवढा एकच क्षण, आभाळ उजळलेलं आणि खाली रान. दुसऱ्या पहाटे तो क्षण मला मिळाला. खाली हरभरा, कडेला बापूरावांची खोप, तिच्यावरचा फाटका पत्रा ओळखू येत होता, आणि वर पंख पसरलेला सगळा थवा. डार्करूममध्ये तो कागदावर उमटला तेव्हा मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. मंडळी धावत आल्या, त्यांना वाटलं विजेचा झटका बसला.

फोटो घेऊन मीच बापूरावांच्या बैठकीत गेलो. भिंतीवर त्यांचा आणि वडिलांचा जोडफोटो हार घालून लावलेला. गावातली पाचसहा माणसं बसलेली. बापूरावांनी माझा फोटो हातात घेतला, खोप ओळखली, पत्रा ओळखला. मग मान वर करून भिंतीकडं बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी माझ्या मेलेल्या बापाला माझ्या शेजारी आणून बसवलं. पाखरं बसवायला तुमाला काय अवघड हाय?"

बैठक हसली. एकानं तर माझ्या पडद्यावरच्या हंसांचीही आठवण काढली. मी शपथ घेतली, निगेटिव्ह दाखवतो म्हणालो. त्यांना निगेटिव्ह काय कळणार. माझी सगळी कारागिरी माझ्यावरच उलटली होती. ज्या सांध्याचा मी जन्मभर डौल मिरवला, तो ह्या फोटोत नाही, हे कुणी ऐकून घेईना. परत येताना एसटीत मला लय वाईट वाटलं. कौसाबाई स्टँडवर वाट बघत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि गावाकडच्या एसटीत जाऊन बसल्या. संक्रांत आठवड्यावर आली होती.

घरी मी चिडून सगळं सांगितलं. मंडळी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, त्याला फोटो पटत नाही ना, मग त्यालाच फोटोत घाला. मी म्हणालो, म्हणजे परत कापाकापी. त्या म्हणाल्या, कापून नव्हे हो, जित्ता घाला.

ही बाई स्वतःच्या फोटोची इतकी वर्षं वाट बघत होती, आणि मी बदकांचे काढत बसलो होतो.

बापूरावांना फोटोचा भारी सोस. दर पोळ्याला, दर लग्नाला त्यांचा निराळा फोटो असायचा. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडं गेलो आणि पाखरांचं नावच काढलं नाही. म्हणालो, बापूराव, तुमचा एक रानातला फोटो काढायचा मनात आहे. कोट, फेटा, मागं धरणाचं पाणी आणि उगवतीचा उजेड. स्टुडिओच्या दर्शनी भागात लावतो. असला उजेड पहाटेच मिळतो, त्यामुळं अंधारात येऊन बसावं लागेल. मी त्यांना असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की त्यांनी त्याच संध्याकाळी फेटा धुवायला टाकला.

पहाटे आम्ही दोघं तुराट्यांच्या ढिगामागं घोंगडी पांघरून बसलो. बापूराव कोट घालून, गुलाबी फेटा बांधून, मिशीला तेल लावून. थंडी अशी की दात वाजत होते. त्यांना बिडी ओढायची होती, मी ओढू दिली नाही. म्हणालो, धुरानं काच खराब होते. खोटं होतं ते, पण चालून गेलं.

मग आवाज सुरू झाला. समोर अंधारात, दहा पावलांवर, हरभरा तोडल्याचा. बापूराव ताठ झाले. त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाले, आल्या बघा म्हशी. काठी घेऊन उठायलाच निघाले होते. मी त्यांच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरून ठेवली. हा माणूस आत्ता ओरडला तर पाखरं अंधारातच उडतील, ह्याला काही दिसणार नाही, आणि वाट बंद होईल ती कायमची. मी कुजबुजलो, थोडा उजेड होऊ द्या, म्हशी कुणाच्या ते दिसू द्या. ते पटलं त्यांना. बसले दातओठ खात.

पूर्वेला फटफटलं. आधी नुसते ढेकळांसारखे आकार दिसले. मग ते हलायला लागले. मग माना दिसल्या, पांढरी डोकी दिसली, डोक्यावरचे पट्टे दिसले. सगळं रान भरलेलं. प्रत्येक पाखरू खाली वाकायचं, शेंडा धरायचं, हिसडा द्यायचं, गिळायचं, की परत खाली. कामाला लावलेल्या बायका हरभऱ्याची भाजी खुडतात तसं अगदी मन लावून. काठी कधी हातातून गळाली बापूरावांना कळलं नाही.

"आयला मास्तर," ते हळूच म्हणाले, "ही तर माळकरी निघाली."

मला हसू आवरेना. तोंडात घोंगडीचा बोळा घालून बसलो.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं वाटेवर कौसाबाईच्या म्हशी दिसल्या. रोजच्याच वेळेला, रोजच्याच चालीनं, वाट न सोडता. कडेच्या एका पाखरानं मान उंच केली, ओरडलं, आणि पुढच्या क्षणी सगळा थवा उठला. मी उभा राहिलो, पाय रोवले, वळायला लागलो. ठरल्याप्रमाणं बापूरावांनी मिशीला पीळ देऊन उभं राहायचं होतं. पण समोरून आपला हरभरा पोटात घालून चाललेला थवा बघून त्यांचं भान सुटलं. ते हात वर करून पाखरांमागं धावत सुटले. फेटा उलगडला आणि मागं उडायला लागला. माझ्या लेन्समध्ये खाली बापूराव, वर पाखरं, मधे गुलाबी फेटा. मी वळता वळता बटण दाबलं आणि वळतच राहिलो.

थवा पाण्याकडं गेला. आवाज विरला. बापूराव रानाच्या मधोमध धापा टाकत उभे. त्यांनी खाली बघितलं. हरभऱ्यात सगळीकडं ताजी हिरवी शीट आणि खुडलेले शेंडे. खुराचा ठसा एकही नाही. खूर होते ते फक्त वाटेवर. फेटा गुंडाळत ते सावकाश वाटेपर्यंत आले. कौसाबाई म्हशी थांबवून उभ्या होत्या. मी कॅमेरा खाली ठेवला. आता माफी मागतील का, असा मी विचार करत होतो, पण बापूराव म्हणजे बापूराव. आजवर त्यांना 'कौसे' म्हणून हाक मारायचे.

"कौसाबाई," ते म्हणाले, "वाट राहू द्या तुमची. काट्या काही पडत न्हाईत. पण एक करा. उद्यापासून म्हशी तांबडं फुटायच्या आधी आणत जा. तुमची चाहूल लागली की पाखरं उठायलीत, ते बघितलं मी. माझं रान राखलं जाईल."

मला तर हे फार शहाणपणाचं वाटलं. वाट मोकळी, रान शाबूत, भांडण मिटलं. मी कौसाबाईकडं बघून मान हलवली, हो म्हणा म्हणून.

कौसाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"बापूराव, गावाची राखण करायचं काम माझ्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं. म्हशी पाण्याला येतील. त्यांच्या टायमाला."

आणि त्यांनी म्हशींना हाकललं. म्हशी आम्हा दोघांच्या मधून पाण्याकडं गेल्या. बापूराव एक पाऊल मागं सरले, रानाच्या आत, आणि वाट सोडून उभे राहिले. मी माझी मान जिथल्या तिथं थांबवली.

तो फोटो पुढं लय गाजला. मुंबईच्या एका मासिकानं छापला, मला बक्षीसही मिळालं. पण पाखरं जितकी स्पष्ट आली तितके बापूराव आले नाहीत, हात आणि फेटा थोडे पुसट झाले. पाखरांबरोबर वळलं की पाखरं नीट येतात आणि जमिनीवरचं हलतं, त्याला इलाज नाही. बापूरावांनी त्याचा मोठा प्रिंट मागून घेतला आणि वडिलांच्या शेजारी लावला. येणाऱ्याला सांगायचे की, ह्यात जोडकाम न्हाई बरं का, हा मी खराच पळायलोय. निगेटिव्ह मात्र पुढं एका पावसाळ्यात बुरशीनं खाल्लं. कपाटातली बरीचशी पाखरं तशीच गेली. त्याची हळहळ वाटते.

वाटेवर काट्या पडल्या नाहीत, त्या साली नाही आणि नंतरही नाही. पाखरंही दर हिवाळ्याला येत राहिली, आणि मी पहाटे तुराट्यांमागं जाऊन पडत राहिलो. तिथून मला रोज दिसायचं. तांबडं फुटायच्या आधी, थंडीनं कुडकुडत, मफलर गुंडाळलेले बापूराव रानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलाचा रिकामा डबा बडवत फिरायचे. पाखरं उठायची. मग चांगलं उजाडल्यावर, आपल्या रोजच्या वेळेला, कडेच्या वाटेनं, कौसाबाईच्या म्हशी निवांत पाण्याला यायच्या.